टेकाड, बहुधा

कार्डावर तीनच ओळी होत्या. "टेकाड. जुनं थडगं असल्याचं लोक सांगतात. चक्कीच्या पश्चिमेला, अर्ध्या मैलावर." खाली सहीच्या जागी दोन अक्षरं, त्यातलं एक शाईच्या डागाखाली गेलेलं, आणि तारीख नाही. तारीख नसणं हा या कार्डांचा जुना आजार आहे. लिहिणाऱ्याला वाटत असणार की आज कुठला दिवस आहे हे तर सगळ्यांनाच माहितीये, त्यात लिहायचं काय.

माझं काम सांगायला सोपं आहे. पुरातत्त्वाची जुनी नोंदकार्डं कुणीतरी स्कॅन करून ठेवलीत, ती एकेक उघडायची, वाचायची आणि त्यातला मजकूर डेटाबेसच्या रकान्यांत भरायचा. संध्याकाळी दोन तास, हौस म्हणून, पगार वगैरे काही नाही. सुरुवातीला वाटलं होतं टायपिंगचं काम आहे, डोकं बाजूला ठेवून गाणी ऐकत ऐकत होईल. पहिल्या आठवड्यातच गाणी बंद झाली. कारण कार्डावर तीन ओळी आणि फॉर्ममध्ये चाळीसेक रकाने, आणि प्रत्येक रकाना तुमच्याकडे बघत बसलेला असतो, की बोल, काय लिहितोस.

पहिलाच रकाना घ्या, प्रकार. इथे मनाला येईल ते लिहिता येत नाही, ड्रॉपडाऊनमधून ठरलेला शब्द निवडावा लागतो. आणि ते बरोबरच आहे, नाहीतर एकजण टेकाड लिहिणार, दुसरा टेकडी, तिसरा उंचवटा, चौथा मातीचा ढीग, आणि उद्या कुणी सगळी टेकाडं शोधायला बसला की त्याच्या हाती त्यातली थोडीच लागणार. इंग्लंडमध्ये यासाठी स्मारकांच्या प्रकारांचा अख्खा शब्दसंग्रह बनवलाय, कुठला शब्द कुठल्या शब्दाच्या पोटात येतो, कुठला वापरायचा नाही, त्याच्याऐवजी कुठला, असं सगळं झाडाच्या फांद्यांसारखं मांडलेलं. मी एकदा नुसतं चाळायला म्हणून उघडलं आणि तासभर तिथेच अडकलो.

पण माझ्या यादीत "टेकाड" पण होतं आणि "दफनाचं टेकाड" पण होतं. टेकाड हे डोळ्यांना दिसलेलं. थडगं हे कुणीतरी सांगितलेलं. मी दुसरा शब्द निवडला की त्या क्षणापासून नकाशावर ते थडगंच, कार्डावरचं "लोक सांगतात" गळून पडलं. पाच वर्षांनी कुणी अभ्यासक त्या भागातल्या दफनांचा नकाशा काढेल, त्यात हा ठिपका असेल, त्या नकाशावरून कुणी लेख लिहील, त्यात वाक्य येईल की ओढ्याच्या काठाने थडग्यांची रांग दिसते. आणि या सगळ्याच्या मुळाशी काय, तर कुणा अनोळखी माणसाने कुणा दुसऱ्या अनोळखी माणसाला उभ्या उभ्या सांगितलेली गोष्ट, आणि मी जेवायला उशीर होतोय म्हणून घाईत केलेलं एक क्लिक.

म्हणून चांगल्या डेटाबेसमध्ये प्रकाराच्या शेजारी एक छोटासा रकाना असतो, खात्री. निश्चित, बहुधा, शक्य. मला विचाराल तर अख्ख्या फॉर्ममधला सगळ्यात महत्त्वाचा रकाना हाच. आणि मी आतापर्यंत ज्या नोंदी तपासल्या त्यात रिकामा सोडलेला सगळ्यात जास्त वेळा हाच. माणसाला "बहुधा" लिहायची लाज वाटते. वाटतं की आपण काम अर्धवट केलं.

ही लाज नवीन नसावी. याद्या करायचा नाद खूप जुना आहे. १६२२ साली डेन्मार्कच्या राजाने बिशपांमार्फत पाद्र्यांना कळवलं की आपापल्या भागातले रूनलिपीतले, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीत कोरलेले दगड, जुनी थडगी, जे काही पुराणं असेल त्याची माहिती पाठवा. १६६६ साली स्वीडनमध्ये जुन्या अवशेषांना हात लावायचा नाही असा हुकूम निघाला आणि पाठोपाठ तिथेही पाद्र्यांनाच कामाला लावलं, कारण गावोगाव लिहिता-वाचता येणारा हक्काचा माणूस तोच. आता पाद्री काय करणार, त्याने गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं. त्यामुळे त्या अहवालांत दगडांच्या आणि टेकाडांच्या नोंदींबरोबर राक्षसांच्या आणि राजांच्या गोष्टीही आल्या. मला हे अहवाल फार आवडतात. कारण पाद्र्यांनी ऐकलेलं ऐकलेल्यासारखं लिहिलं, त्यांच्यापुढे ड्रॉपडाऊन नव्हता. आज कुणी हे अहवाल डेटाबेसमध्ये भरायला बसला तर राक्षस कुठल्या रकान्यात टाकायचा हा प्रश्न त्याला पडणारच.

फ्रान्समध्ये १८३४ साली प्रॉस्पेर मेरिमे नावाचा तिशीतला कथाकार ऐतिहासिक स्मारकांचा सरकारी निरीक्षक झाला, देशभर हिंडला, पडझड झालेली चर्चं बघत आणि अहवाल लिहीत. आज फ्रान्सच्या वास्तुवारशाच्या सरकारी डेटाबेसचं नावच मेरिमे आहे. डेटाबेसला माणसाचं नाव, तेही निरीक्षकाचं, हे मला एकदम पटतं. ब्रिटनमध्ये १८८२ साली प्राचीन स्मारकांचा पहिला कायदा झाला तेव्हा सोबतच्या परिशिष्टात ६८ ठिकाणं होती. अख्ख्या ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये मिळून ६८. एका पानावर मावली असतील. पुढे १९२० मध्ये तिथल्या सरकारी नकाशा खात्याने ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांना पुरातत्त्व अधिकारी म्हणून नेमलं, आणि हा गृहस्थ सायकलवर नकाशे बांधून फिरायचा, नकाशावर जे जुनं म्हणून दाखवलंय ते खरंच तिथे आहे का ते जाऊन बघायचा. अशाच मेहनतीतून नकाशांवरच्या जुन्या जागांची कार्डं तयार होत गेली. १९६० च्या दशकात ऑक्सफर्डशरमधल्या संग्रहालयाने आपल्या भागातल्या सगळ्या जागांची एकत्र नोंदवही सुरू केली, इतर जिल्ह्यांनी तोच धडा गिरवला, आणि १९९० मध्ये जेव्हा तिथल्या सरकारने सांगितलं की बांधकामाला परवानगी देण्याआधी जमिनीखाली काय आहे याचा विचार करा, तेव्हा या नोंदवह्यांना एकदम वजन आलं. तोवर ती अभ्यासकांची सोय होती. आता बिल्डरसुद्धा विचारू लागला की माझ्या प्लॉटवर ठिपका आहे का.

ठिपका. इथून माझं खरं दुखणं सुरू होतं.

"चक्कीच्या पश्चिमेला अर्ध्या मैलावर." लिहिणाऱ्याला चक्की समोर दिसत होती. मला स्क्रीनवर चक्की दिसत नाही, शेतं दिसतात आणि एक हमरस्ता दिसतो. आणि फॉर्मला मात्र अक्षांश आणि रेखांश हवेत, दशांश चिन्हानंतर सहा आकडे. सहा आकडे म्हणजे किती, तर साधारण ११ सेंटिमीटर. अर्धा मैल, तोही कुणाच्या तरी पावलांनी किंवा नुसता अंदाजाने मोजलेला, त्याचं मी ११ सेंटिमीटर अचूकतेने काय लिहू? पण रकाना रिकामा ठेवला तर नोंद सेव्ह होत नाही. म्हणून लोक काय करतात, गावाचा मध्यबिंदू टाकतात. परिणाम असा की एकाच गावाच्या चौकात एकावर एक पंधरा ठिपके, विहीर, मंदिर, थडगं, तटबंदी, सगळं एकाच खांबाखाली. याहून मजा म्हणजे शून्य. आकडे टाकायचे राहिले आणि सिस्टिमने आपणहून शून्य-शून्य भरलं तर ती जागा आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात, भर समुद्रात जाऊन पडते. नकाशावाल्यांनी त्या बिंदूला गमतीने नल आयलंड नाव ठेवलंय. जगभरच्या डेटाबेसमधून हरवलेल्या किती वस्त्या, देवळं आणि किल्ले तिथे पाण्यात उभे असतील कोण जाणे. मी स्वतः एकदा अक्षांश-रेखांशांची अदलाबदल करून एका दगडी वर्तुळाला समुद्रात बुडवलंय, लाटांच्या मधोमध पिन, खाली माझं नाव. जुन्या नकाशांचा अजून एक गुण म्हणजे त्यांचं पृथ्वीचं माप वेगळं आणि जीपीएसचं वेगळं, त्यामुळे आकडे रूपांतर न करता तसेच उचलले की ठिकाण शंभर-दोनशे मीटर सरकतं, कधी त्याहूनही जास्त. म्हणजे टेकाड जिथल्या तिथेच, फक्त नोंद शेजारच्या शेतात.

हसण्यावारी नेण्यासारखं नाहीये हे. भारतात कॅगने २०१३ साली दिलेल्या अहवालात केंद्राच्या संरक्षणाखालची ९२ स्मारकं जागेवर सापडत नसल्याचं म्हटलं होतं. त्यातली ४२ नंतर सापडली. बाकी ५० ची गोष्ट २०२२ मध्ये संसदेच्या समितीपुढे आली, तेव्हा संरक्षित स्मारकांचा एकूण आकडा ३,६९३ होता. त्या ५० मधली १४ शहरांच्या वाढीत गेलेली, १२ धरणांच्या पाण्याखाली, आणि २४ चं काय झालं ते सांगता येत नाही. पुढे २०२४ मध्ये १८ नावं यादीतून काढायचं ठरलं. बहुतेकांना धक्का बसतो तो ५० च्या आकड्याने. मला ४२ जास्त छळतात. ती कुठे गेलीच नव्हती. ती होती तिथेच होती, हरवला होता त्यांचा पत्ता. काखेत कळसा म्हणतात तो हाच. त्या ४२ पैकी प्रत्येकाची कहाणी मला माहीत नाही असं कबूल करून पुढे जातो, पण माझ्यापुढची कार्डं बघून एवढं सांगतो की झाड, चक्की, अमक्याचा वाडा असल्या खुणांवर टांगलेला पत्ता त्या खुणेच्या आयुष्याएवढाच टिकतो.

आता माझी चूक सांगतो, कारण दुसऱ्यांच्या सांगून झाल्या.

या कामात डुप्लिकेट शोधणं हा मोठा उद्योग असतो. एकच जागा तीन माणसांनी तीन दशकांत नोंदवलेली, तीन नावांनी, तीन स्पेलिंगांनी. अरबी प्रदेशात ढिगाऱ्याच्या टेकाडाला तेल म्हणतात, कुणी ते तेल लिहितं, कुणी तल, कुणी तल्ल, मग पुढचं नाव, त्याचेही तीन उच्चार. मिळून नऊ नोंदी, टेकाड एक. तर मला दोन नोंदी सापडल्या, साठेक मीटरच्या अंतरावर, दोन्हीत "गोल टेकाड, माथा सपाट, उंची पुरुषभर". म्हटलं झालं, एकच आहे, कुणीतरी पिन जरा इकडे टाकलीय. मोठ्या आत्मविश्वासाने एक नोंद दुसरीत विलीन केली आणि खात्रीच्या रकान्यात निश्चित टाकलं. दीड महिन्याने दुसऱ्या एका फाइलमधून फोटो निघाला. दोन टेकाडं, शेजारी शेजारी, जुळ्या बहिणींसारखी, दोघींचा माथा सपाट. एक टेकाड मी कुदळ न लावता सपाट केलं होतं. ते परत उभं करायला तीन आठवडे लागले, कारण दरम्यान विलीन नोंदीवर दुसऱ्यांनी भर घातली होती आणि कुठली भर कुठल्या टेकाडाची हे सुटं करायचं होतं. आमच्या एक सीनियर ताई आहेत, प्रत्येक नोंद शेवटी त्यांच्या नजरेखालून जाते. ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "दोनाचं एक करायला मिनिट लागतं रे. एकाचं दोन करायला काय लागतं ते आता कळलं ना?"

एक की अनेक, हा प्रश्न तसा या कामाचा कणाच आहे. वीस टेकाडांचा समूह ही एक नोंद की वीस? की एक आईनोंद आणि तिच्याखाली वीस लेकरं? किल्ला एक, पण त्याचा दरवाजा वेगळ्या शतकातला, आतलं टाकं त्याआधीचं, आणि तटावर दुसऱ्या महायुद्धात बांधलेली मशीनगनची काँक्रीटची खोली. तीही नोंदवायची का? हो, नोंदवायची. ब्रिटनमध्ये १९९५ पासून काही वर्षं स्वयंसेवकांनी विसाव्या शतकातली अशी लष्करी बांधकामं शोधून सुमारे २० हजार जागा नोंदवल्या, ज्यांच्याजवळून शेतकरी रोज जात होते आणि कुणाला ते स्मारक वाटत नव्हतं. दुसरं टोक ग्वाटेमालाचं. तिथल्या जंगलावर विमानातून लेसर सोडून सुमारे २,१०० चौरस किलोमीटरचा नकाशा केला, झाडांचं छत काढून टाकल्यासारखी जमीन उघडी दिसली आणि माया लोकांची ६० हजारांहून जास्त बांधकामं निघाली. २०१८ मध्ये ही बातमी सगळीकडे झळकली. लोक थक्क झाले. मी पण झालो, पण लगेच मनात आलं, साठ हजार नोंदी? प्रत्येकीला चाळीस रकाने?

वरून बघण्याची चटक मात्र लागते. मला लागलीच आहे. सॅटेलाइटचा फोटो, झूम, गोल दिसलं की काळजात धस्स. मग कळतं ती पाण्याची टाकी. किंवा गुरांचा जुना गोठा. शंभर गोलांत एखादा खरा. मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेतल्या धोक्यात आलेल्या जागांची नोंद करणारा ईमेना नावाचा प्रकल्प २०१५ मध्ये ऑक्सफर्डमधून सुरू झाला, त्यात बहुतेक काम असंच फोटो बघून चालतं, कारण अनेक ठिकाणी माणूस पाठवणं शक्यच नाही. त्यांचा डेटाबेस आर्चेस नावाच्या सॉफ्टवेअरवर उभा आहे, ते गेटी संस्थेने आणि वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने मिळून बनवलं आणि सगळ्यांना फुकट वापरायला दिलं. आणि जुने फोटो म्हणाल तर अमेरिकेचे कोरोना हेरगिरी उपग्रह. १९६० ते १९७२ या काळात ते फिल्मवर फोटो काढायचे, फिल्मचे डबे पॅराशूटने खाली सोडायचे आणि विमानं ते हवेतल्या हवेत झेलायची. १९९५ मध्ये आठ लाखांवर फोटो खुले झाले. रशियाची क्षेपणास्त्रं शोधायला काढलेले ते फोटो आज पुरातत्त्ववाल्यांना सोन्यासारखे, कारण त्यात धरणांच्या आधीच्या दऱ्या आहेत आणि ट्रॅक्टरच्या आधीची शेतं आहेत. सीरियात युफ्रेटिस नदीवरच्या धरणाखाली १९७० च्या दशकात बुडालेली टेकाडं त्यात अजून कोरडी उभी आहेत.

उलटंही दिसतं. सीरियातल्याच अपामिया या प्राचीन शहराचे दोन फोटो आहेत, एक जुलै २०११ चा, एक एप्रिल २०१२ चा. पहिल्यात शेत. दुसऱ्यात तेच शेत, पण देवीच्या व्रणांसारखं खड्ड्याखड्ड्यांनी भरलेलं. लुटारूंनी नऊ महिन्यांत खणलेलं. अशा नोंदीत "सद्यस्थिती" भरताना हात थांबतो.

आणि म्हणून प्रश्न येतो की ठिपका दाखवायचा कुणाला. आपण इतका जीव टाकून बरोबर जागा शोधायची, आणि ती मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्याच्या हातात द्यायची? इंग्लंड-वेल्समध्ये लोकांना सापडलेल्या नाण्यांची, दागिन्यांची नोंद ठेवणारी एक योजना आहे, दहा लाखांहून जास्त वस्तू आहेत तिच्यात, पण नेमकी जागा सगळ्यांना दिसत नाही, त्यासाठी अभ्यासक म्हणून वेगळी परवानगी काढावी लागते. बाकीच्यांसाठी ठिपका मुद्दाम पुसट केलेला. म्हणजे आधी पुसट जागा स्पष्ट करायची आणि मग ती पुन्हा पुसट करायची. पण हा पुसटपणा आणि माझ्या कार्डाचा पुसटपणा यात फरक आहे, तो ठरवून केलेला आहे आणि तो किती केलाय हे कुठेतरी लिहून ठेवलंय. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या आदिवासी वारशाच्या नोंदणीत तर असा रकाना आहे की ही माहिती फक्त पुरुषांनी बघायची, फक्त स्त्रियांनी, की कुणीही. कारण त्या जागांचं ज्ञान तसंच वाटलेलं आहे. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला वाटलं, हा रकाना बनवणाऱ्या माणसाने आधी कुणाचं तरी नीट ऐकून घेतलं असणार.

पण त्याच पश्चिम ऑस्ट्रेलियात जुकन घळीतल्या गुहा होत्या. माणसाच्या वावराच्या खुणा ४६ हजार वर्षांपर्यंत मागे जाणाऱ्या. रिओ टिंटो या खाणकंपनीला २०१३ साली त्या उडवायची कायद्याने परवानगी मिळाली, २०१४ च्या उत्खननात सुमारे सात हजार वस्तू निघाल्या, त्यात माणसाच्या केसांच्या विणलेल्या पट्ट्याचा चार हजार वर्षांपूर्वीचा तुकडा, ज्याचा डीएनए तिथल्याच आजच्या लोकांशी जुळला. परवानगी आधी दिली गेली होती, नवी माहिती आली म्हणून ती परत तपासायची सोय त्या कायद्यात नव्हती. मे २०२० मध्ये लोहखनिजासाठी सुरुंग लावला. नंतर चौकशी झाली, कंपनीच्या प्रमुखाला जावं लागलं. नोंद मात्र उत्तम होती. एकही रकाना रिकामा नसेल. आपण नोंदवतोय म्हणजे वाचवतोय असा जो एक गोड समज मला या कामाच्या सुरुवातीला होता तो हे वाचल्यावर गेला, आणि दोन-तीन दिवस मी लॉगिनच केलं नाही.

परत कशामुळे आलो ते सांगतो, थोडं तांत्रिक आहे. संग्रहालयं आणि वारसा नोंदींसाठी सीडॉक सीआरएम नावाची एक मांडणी आहे, २००६ पासून ती आयएसओचं मानकही आहे. तिच्यातली मला भावलेली गोष्ट अशी की वस्तूला थेट गुण चिकटवायचे नाहीत, शक्य तिथे मध्ये घटना आणायची. "हे टेकाड थडगं आहे" असं न म्हणता "अमक्याने तमक्या दिवशी याला थडगं म्हटलं". इंग्लंडच्या नोंदवह्यांतही स्मारक वेगळं आणि घटना वेगळी ठेवतात, कुणी खणलं, कुणी नुसतं जाऊन पाहिलं, हे सगळं घटनांत. आणि घटनेचं उत्तर "काही सापडलं नाही" असलं तरी ती नोंदवायची. खणलं, रिकामं निघालं, तेही लिहायचं, नाहीतर वीस वर्षांनी दुसरा तिथेच खणेल. काळाचंही तसंच. नुसतं "लोहयुग" लिहून काय कळणार, ब्रिटनमध्ये ते रोमन आले तिथे इसवी सन ४३ ला संपवतात आणि स्कँडिनेव्हियात व्हायकिंग काळाच्या उंबऱ्यापर्यंत ओढतात. त्यामुळे कुणाचं लोहयुग, कुठलं, हेही सांगावं लागतं. माझ्या डोक्यातलं चित्र या सगळ्याने पालटलं. मी टेकाडाची नोंद करतच नव्हतो. मी त्या दोन अक्षरी सहीच्या माणसाची नोंद करत होतो, तो एका दिवशी तिथे उभा राहिला, त्याने काहीतरी पाहिलं, कुणाचं तरी ऐकलं. टेकाडाबद्दल मला काही ठाऊक नव्हतं, पण याबद्दल मला निश्चित लिहिता येत होतं.

मग कार्ड परत काढलं. जुना नकाशा उघडला, ओढ्याच्या काठाला चक्की दाखवलेली होती. झालं, सापडली. तिथून पश्चिमेला अर्धा मैल मोजला. जुन्या हवाई फोटोत त्या जागी एक फिका गोल, पूर्वेकडे त्याची लहानशी सावली, म्हणजे जमिनीवर उंचवटा होताच. आताच्या सॅटेलाइट फोटोत सपाट शेत, नांगराचे पट्टे, आणि त्या पट्ट्यांच्या खालून जेमतेम जाणवेल असा मातीचा उजळ डाग. मी खुर्चीतून उठलो, पाणी प्यायलो, परत येऊन बघितलं, डाग होताच.

सद्यस्थितीच्या रकान्यात दोन पर्याय जवळचे होते, "नष्ट" आणि "पृष्ठभागावर दिसत नाही". माती नांगराने पसरली तरी टेकाडाभोवती खणलेला चर खाली शाबूत असू शकतो, असे कितीतरी चर कोरड्या उन्हाळ्यात पिकाच्या रंगातून वर येतात. २०१८ च्या दुष्काळात आयर्लंडमध्ये न्यूग्रेंज या प्राचीन थडग्याजवळच्या शेतात असंच एक मोठं वर्तुळ उमटलं, ड्रोनमधून दिसलं, त्याआधी त्या शेतात काही आहे हे माहीत नव्हतं. म्हणून "दिसत नाही" निवडलं. प्रकार टेकाड. थडग्याची गोष्ट वर्णनात, "लोक सांगतात" सकट. खात्री, बहुधा. जागेची अचूकता, शंभर मीटर. आणि घटना म्हणून माझं स्वतःचं नाव, आजची तारीख, "फोटोंवरून पाहिले, प्रत्यक्ष नाही". तीन ओळींचं कार्ड भरायला पाच संध्याकाळी लागल्या आणि मी स्वतःवर जाम खूश होऊन नोंद तपासणीला पाठवली.

दोन दिवसांनी ती परत आली. लाल झेंडी, आणि ताईंची एकच ओळ: "चक्की कुठली धरलीस, पाण्याची की वाऱ्याची?"

मी नकाशा परत उघडला. ओढ्याकाठी पाणचक्की, ती मी धरलेली. आणि गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे मी बघितलंच नव्हतं, टेकडीवर पवनचक्कीची बारीकशी खूण. तिच्यापासून पश्चिमेला अर्धा मैल मोजत गेलो. स्कॅन करताना नकाशाला पडलेली घडी बरोबर तिथूनच गेलीय.